पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही, ड्रायव्हर आत कसा घालायचा?

कृष्णाकाठ
शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेसाठी देणगीतून बारा लॅपटॉप घेतलेत. रिफर्बिश्ड आहेत, इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर, अकराव्या जनरेशनचे, कुठल्यातरी ऑफिसातून लीज संपून बाहेर पडलेले. डिस्क कोऱ्या करून दिल्यात, म्हणजे विंडोज आपणच टाकायची. कमिटीत कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटा, म्हणजे कळतं असा बाकीच्यांचा समज आहे आणि तो मी इतकी वर्षं मोडलेला नाही, आता भोगतोय.

विंडोज ११ चा पेनड्राइव्ह बनवला आणि कालपासून बसलोय. नऊ मशीन लोण्यासारखी झाली. उरलेली तीन एकाच जागी अडतात: विंडोज कुठं टाकायची हे विचारणारा पडदा येतो आणि यादी रिकामी. खाली 'लोड ड्रायव्हर' बटण आहे म्हणून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरनं स्टोरेज ड्रायव्हरची (डिस्क ओळखायला विंडोजला लागणारा प्रोग्राम) एक्सई फाइल उतरवून पेनड्राइव्हवर टाकली आणि तो फोल्डर दाखवला, तर म्हणतंय साइन्ड ड्रायव्हर सापडला नाही. आता त्याला काय कागद करून दाखवू?

कुणी सांगेल का हे ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्येच कसे घालायचे? सोमवारी अध्यक्ष येणार आहेत फीत कापायला.

चकलीवाला
आत डिस्क आहे ना पण? बघा आधी. :)

कृष्णाकाठ
चकलीवाले, थट्टा नको, रात्रीचे अकरा वाजलेत. एकाच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) शिरून बघितलं, ५१२ जीबी स्वच्छ दिसते. बाकीचे दोन पण त्याच लॉटमधले.

पाटाखालचा_विळा
बायोसमध्ये जा, व्हीएमडी किंवा आरएसटी रेड अशा नावाचं डिस्कचं सेटिंग असेल ते बंद करा, एएचसीआय, म्हणजे डिस्क थेट दिसण्याचा साधा मोड, करा, सेव्ह करा, विंडोज टाका, झोपा. दोन मिनिटांचं काम. ड्रायव्हर घालण्याचे उद्योग कशाला?

मी_सोनल
विळा, थांबा जरा.

@कृष्णाकाठ, तुमचं दुखणं नव्वद टक्के व्हीएमडीच आहे. अकराव्या जनरेशनपासून इंटेलने हा प्रकार साध्या लॅपटॉपांत आणला, त्याआधी तो सर्व्हरच्या झिऑन प्रोसेसरमध्ये असायचा. चालू असला की एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे हल्लीची वेगवान डिस्क, थेट दिसत नाही, तिच्यापुढे व्हीएमडी कंट्रोलर उभा राहतो आणि विंडोजला फक्त तो कंट्रोलर दिसतो. त्याचा ड्रायव्हर सेटअपमध्ये नसला तर मागे काय आहे हे सेटअपला कळायला मार्गच नाही. नऊ मशीन चालली म्हणजे त्यांत हा प्रकार आधीच्या आयटीवाल्यांनी बंद केलेला असणार, आणि या तिघांत राहून गेला किंवा कुणीतरी बायोस डीफॉल्टला आणलं.

तुमची एक्सई का चालली नाही, तर लोड ड्रायव्हर बटणाला एक्सईशी देणंघेणं नसतं, त्याला आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती सांगणारी) फाइल लागते आणि तिच्या शेजारी सिस (खुद्द ड्रायव्हर) आणि कॅट (त्याची सही). एक्सई म्हणजे बंद डबा. तो दुसऱ्या चालू मशीनवर उघडायचा. इंटेलच्या सेटअपआरएसटी या फाइलला कमांड प्रॉम्प्टवरनं चालवताना पुढे वजा-एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स आणि एका रिकाम्या फोल्डरचा पत्ता दिला की आतला माल बाहेर येतो. त्यात आयएस्टोरव्हीडी नावाची आयएनएफ शोधा. नावात शेवटी व्हीडी हवं. नुसत्या एसीवाल्या फाइली एएचसीआयच्या असतात, त्या घेऊन बसलात तर पहाट होईल.

आणि सगळ्यात नवं व्हर्जन तेच चांगलं असं इथे धरू नका, ज्या पानावर तुमच्या जनरेशनचं नाव लिहिलंय तेच घ्या.

कृष्णाकाठ
सोनलताई, दंडवत. विळा, तुमचा उपाय मी पण केला असता पण बायोसला अ‍ॅडमिन पासवर्ड आहे. बघता येतं, बदलता येत नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला "साहेब, आम्ही लॉटमध्ये घेतो, पासवर्ड आमाला बी म्हाईत नाही."

पाटाखालचा_विळा
मग झालं. हा मुद्दा आधी सांगायचा ना राव.

जुना_खिळा
रविवार, सकाळी ६:१५

सकाळी उठून धागा वाचला आणि एकदम एफ६ आठवलं. आजच्या पोरांना लोड ड्रायव्हर बटण मिळतं, माउसने दाबतात आणि वर तक्रार. आम्ही २००७-०८ च्या सुमाराला लॅमिंग्टन रोडवर मशीन जोडायचो तेव्हा विंडोज एक्सपीची सीडी घातली की निळ्या पडद्यावर खाली एक ओळ यायची, थर्ड पार्टी स्कझी किंवा रेड (डिस्क जोडायचे प्रकार) ड्रायव्हर हवा असेल तर एफ६ दाबा. ती ओळ जेमतेम चार-पाच सेकंद राहायची. शिंक आली तर गेली. दाबलं तरी लगेच काही व्हायचं नाही, सेटअप आपला पुढे फाइली चढवत बसायचा, आपण ताटकळत की दाबलं गेलं की नाही, आणि मग बऱ्याच वेळाने विचारायचा की एस दाबा आणि ए ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घाला. फ्लॉपीच! सीडीवरनं वाचणार नाही, पेनड्राइव्हवरनं वाचणार नाही. एक्सपी २००१ ची, तेव्हा साटा ही डिस्कची जोडणीच बाजारात नव्हती, तिला काय माहीत पुढे काय येणार आहे. आणि आमच्याकडे येणारे लॅपटॉप २००७ चे, फ्लॉपीचा पत्ता नाही. यूएसबी फ्लॉपी मिळायची पण प्रत्येक चालायची नाही, ठराविक मॉडेलं सेटअप ओळखायचा. आमच्या दुकानात एक काळी यूएसबी फ्लॉपी होती ती शेठच्या गल्ल्यात असायची, पैशाशेजारी. ती मागायची म्हणजे चहा पाजायचा.

एकदा असा घोळ घातला. फ्लॉपी घातली, यादीतून कंट्रोलर निवडला, डिस्क दिसली, फॉर्मॅट सुरू केलं. म्हटलं काम झालं, फ्लॉपी काढून शेजारच्या मशीनला नेली. वीस मिनिटांनी परत आलो तर पडद्यावर, आयएस्टोर डॉट सिस सापडत नाही. कारण सेटअप फ्लॉपी दोनदा वाचतो, एकदा स्वतःसाठी आणि एकदा फाइली डिस्कवर उतरवताना. शेजारच्या मशीनवाल्याने तोवर तीच फ्लॉपी फॉर्मॅट करून त्यात नॉर्टन घोस्ट या डिस्क-कॉपी प्रोग्रामची बूट डिस्क केली होती. तो आजही मित्र आहे, पण विषय काढत नाही.

संत्रा_बर्फी
खिळेकाका, पैशाशेजारी फ्लॉपी, हे वाचून मी ऑफिसमध्ये फस्सकन हसलो ना बाप्पा. रविवारी ऑफिसात काऊन आहे ते विचारू नका.

दुपारचा_चहा
मला यातलं शून्य कळतं पण धागा मस्त चाललाय म्हणून विचारते. बायोसला डिस्क दिसते म्हणता, पेनड्राइव्हवरून विंडोज सुरूपण होते, मग तिला डिस्क का दिसत नाही? दोघं एकाच घरात राहतात ना?

जुना_खिळा
चहाबाई, प्रश्न अगदी मुळाशी हात घालणारा आहे. वीस वर्षं धंदा केलेल्या लोकांनी हा कधी विचारला नाही, नुसतं एफ६ दाबत राहिले.

असं बघा. मशीन सुरू होतं तेव्हा विंडोज नसतेच, बायोस असतं, आता त्याला यूईएफआय म्हणतात. त्याच्याकडे डिस्क वाचण्याची स्वतःची सोय असते. ते पेनड्राइव्हवरनं बूट-विम नावाची एक भली मोठी फाइल उचलून रॅममध्ये आणून ठेवतं. त्या फाइलीत एक छोटी विंडोज असते, तिला पीई म्हणतात, तुम्हाला दिसणारा सेटअप त्या छोट्या विंडोजवर चालतो. आता ती जागी झाली की बायोसला सांगते, तुमचं काम झालं, आता घर मी बघते. नवी सून आल्यासारखं. त्या क्षणापासून बायोसच्या हातातली डिस्क वाचायची सोय संपली. पुढे जे काही वाचायचं ते हिच्या स्वतःच्या ड्रायव्हरने. आणि तो ड्रायव्हर हिने माहेरून आणलेला नसेल तर डिस्क समोर असून दिसणार नाही.

एक्सपीच्या वेळी हे जास्त वाईट दिसायचं. इन्स्टॉल कसंतरी उरकायचं आणि पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा, शेवटी ७बी. इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. म्हणजे विंडोज ज्या डिस्कवर झोपलीय तीच डिस्क उठल्यावर तिला सापडत नाही. विहिरीत उतरायचा दोर विहिरीतच राहिला.

दुपारचा_चहा
आता कळलं. पण सासूने किल्ल्या देऊन जायला काय होतं?

चकलीवाला
हा प्रश्न या धाग्यावर सुटणार नाही, 'कौटुंबिक' विभागात नवीन धागा काढा.

अर्धवट
एवढं सगळं करण्यापेक्षा बाराच्या बारा मशीनवर लिनक्स टाका. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, व्हीएमडीचा ड्रायव्हर कधीचाच आहे. ना लायसन्सचा प्रश्न, ना व्हायरस. मुलं अभ्यासच करणार आहेत ना, पीडीएफ आणि यूट्यूब.

कृष्णाकाठ
अर्धवट, मनातनं पटतं. पण वाचनालयाच्या सगळ्या जुन्या याद्या श्रीलिपीत टाइप केलेल्या आहेत आणि सकाळी दोन तास टायपिंगच्या पोरांना देणार आहोत, त्यांचं सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे. अध्यक्षांना डेस्कटॉप वेगळा दिसला तर "हे कसलं टाकलंस" विचारतील ते वेगळंच.

अर्धवट
विंडोजचा हाच तर सापळा आहे, पण चालू द्या.

मी_सोनल
@अर्धवट, लिनक्सला हा त्रास नाही असं म्हणणाऱ्याने सर्व्हर कधी हाताळलेले नसतात. तिथेही तीच गोष्ट आहे, नाव बदललंय, इनिटरॅमएफएस. कर्नल जागं होतं तेव्हा खरी डिस्क वाचायच्या आधी त्याला रॅममध्ये एक छोटी फाइलसिस्टिम मिळते आणि डिस्कचा ड्रायव्हर त्यात नसेल तर रूट, म्हणजे मूळ फाइलसिस्टिम, सापडत नाही, कर्नल पॅनिक, सगळं तिथेच थांबतं. रेड हॅट या लिनक्स कंपनीने आठव्या आवृत्तीत कितीतरी जुन्या रेड कार्डांचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) आधार काढून टाकला. सातवर मजेत चाललेल्या सर्व्हरवर आठची डिस्क घातली की इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. मग ईएलरेपो या साइटवरनं ड्रायव्हर डिस्कची आयएसओ (सीडीची एका फाइलीतली नक्कल) घ्यायची आणि बूटच्या ओळीत इन्स्ट-डॉट-डीडी लिहून तिचा पत्ता द्यायचा. हे एफ६ नाही तर काय आहे? मी रात्री दोन वाजता केलंय, हातात थंड इडली होती.

अर्धवट
बरं. हे मान्य. इडलीसाठी सहानुभूती.

संत्रा_बर्फी
आता माझं ऐका राजेहो. आमच्या इकडे एका जिनिंगमध्ये वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आहे, ते फक्त विंडोज ७ वर चालते. २०१७ मध्ये त्यांचा जुना पीसी गेला तं मालकाने नवीन घेतला, सहाव्या जनरेशनचा, आणि मले म्हणे यावर सात टाकून दे. मी म्हटलं त्यात काय, दहा मिनिटांचं काम. पेनड्राइव्ह लावला, सेटअप सुरू झाला, भाषा निवडायच्या पडद्यावर आला आणि माउस मेला. कीबोर्डपण मेला. दुसरा कीबोर्ड लावला, तोही मेला. मालक मागे उभा, कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत, आणि मी यूएसबी काढून घालतोय.

झालं काय होतं की त्या चिपसेटमध्ये जुना यूएसबी कंट्रोलरच उरला नव्हता, सगळे पोर्ट नव्या एक्सएचसीआय कंट्रोलरवर, आणि सातच्या सेटअपमध्ये त्याचा ड्रायव्हर नाही. कसातरी जुना पीएस-टू (यूएसबी नसलेला, गोल पिनचा) कीबोर्ड शोधून आणला तं पुढच्या पडद्यावर म्हणते सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही. अबे सीडी लावलीच कुठं आहे! ज्या पेनड्राइव्हवरून तू उठला तोच तुले आता ओळखू येत नाही आणि नाव सीडीचं घेते. खिळेकाकांनी सुनेची गोष्ट सांगितली ना, तीच.

मग घरी येऊन ड्रायव्हर आत घातले. पहिल्यांदा बूट-विमच्या एक नंबरात घातले. काहीच फरक नाही. मग कळलं की त्यात दोन खोल्या असतात, एक नंबर साधी पीई आणि दोन नंबरात सेटअप. दोनमध्ये घातले. सेटअप छान चालला, माउस फिरतो, मालकाने चहा मागवला. रीस्टार्ट झालं, नाव टाका म्हणणारा पडदा आला, आणि परत माउस कीबोर्ड दोन्ही मेले. कर्सर नावाच्या चौकटीत लुकलुक करतोय आणि मी नाव टाकू शकत नाही. कारण इन्स्टॉल-विममध्ये घातलेच नव्हते! बूट-विम ही सेटअपची विंडोज, इन्स्टॉल-विम ही डिस्कवर उतरणारी. दोघींना वेगवेगळं द्यावं लागते. तिसऱ्या दिवशी काटा सुरू झाला. त्या मशीनमध्ये साधी साटा डिस्क होती म्हणून तेवढ्यावर भागलं. एनव्हीएमई असती तं मायक्रोसॉफ्टच्या केबी २९९०९४१ या दुरुस्तीचं हॉटफिक्सपण त्यातच कोंबावं लागलं असतं, सातला एनव्हीएमई मुळातून येतच नाही.

पाटाखालचा_विळा
बर्फी, दोघींना वेगवेगळं हे लाखमोलाचं. मी एकदा सगळं नीट घातलं आणि शेवटी फाइल बंद (अनमाउंट) करताना कमिटच्या (बदल जपा) ऐवजी डिसकार्ड (बदल टाकून द्या) लिहिलं. अडीच तास पाण्यात. कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतोय.

बोरीबंदर_लोकल
कुणीतरी ते घालायचं कसं ते सविस्तर लिहा ना प्लीज, वाचनखूण साठवून ठेवतो.

मी_सोनल
लिहिते, पण कमांड देवनागरीत आहेत, तशाच टंकू नका, चकलीवाल्यांचा भरवसा नाही.

अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. एक रिकामं फोल्डर माउंट नावाने करायचं. पेनड्राइव्हच्या सोर्सेस फोल्डरातली बूट-विम आपल्या डिस्कवर कॉपी करून घ्यायची, थेट पेनड्राइव्हवर हात मारायचा नाही. मग डिसम या विंडोजमधल्याच कमांडला माउंट-इमेज (फाइल उघड) सांगायचं, फाइलीचा पत्ता, इंडेक्स दोन, माउंटडिर म्हणून ते रिकामं फोल्डर. ती उघडली की अ‍ॅड-ड्रायव्हर, पुढे आयएनएफवालं फोल्डर आणि रिकर्स, म्हणजे आतल्या फोल्डरांतलेपण घेतं. मग अनमाउंट-इमेज आणि कमिट. विळा, कमिट. हेच परत इन्स्टॉल-विमला, तुम्ही जी एडिशन टाकणार तिचा इंडेक्स बघून.

दोन खड्डे आहेत. मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या पेनड्राइव्हवर बहुतेकदा विम नसते, ईएसडी, म्हणजे जास्त दाबून बसवलेली, असते, ती अशी उघडता येत नाही, आधी विममध्ये एक्स्पोर्ट करावी लागते किंवा मग आयएसओच उतरवायची. आणि आयएसओतली इन्स्टॉल-विम चार जीबीच्या वर असते, फॅट३२ पेनड्राइव्हवर (तिथे एक फाइल चार जीबीपर्यंतच चालते) ती मावत नाही, स्प्लिट-इमेज करून तुकडे करावे लागतात.

पण @कृष्णाकाठ, तुम्हाला तीनच मशीन आहेत आणि उद्या सोमवार. तुम्ही यातलं काही करू नका. पेनड्राइव्हच्या मुळाशी, म्हणजे कुठल्याही फोल्डरात नाही, एक फोल्डर करा. नाव आधी डॉलरचं चिन्ह, मग विनपीईड्रायव्हर एक शब्द, मग परत डॉलर. त्यात ते आयएनएफ, सिस, कॅट टाका. सेटअप सुरू होताना हा फोल्डर स्वतःहून शोधतो, ड्रायव्हर चढवतो आणि नव्या विंडोजमध्येपण उतरवतो. लोड ड्रायव्हर दाबायलाही नको.

बोरीबंदर_लोकल
एवढं सोपं होतं तर आधीची तीन परिच्छेदांची कमांड कशाला लिहिली?

मी_सोनल
तुम्हीच मागितली होती!

जुना_खिळा
डॉलर फोल्डर मला माहीत नव्हता. हे आमच्या काळात असतं तर शेठचे चहाचे पैसे वाचले असते.

आम्ही पुढे पुढे एनलाइट नावाचा प्रोग्राम वापरायचो. एक्सपीची सीडी हार्ड डिस्कवर कॉपी करायची, एनलाइटला दाखवायची, ड्रायव्हर इंटिग्रेट करताना 'टेक्स्टमोड' (सेटअपच्या निळ्या पडद्यासाठी) निवडायचं, पीएनपी (नंतरच्या विंडोजसाठी) नाही, हे फार जणांचं चुकायचं. मग इंटेलच्या चिपसेटांची लांबलचक यादी यायची, आयसीएच७, आयसीएच८, नऊ, त्यात एम लागलेले लॅपटॉपचे, त्यातला आपला निवडायचा. चुकलं की सीडी गेली आणि दुसरी जाळा. माझ्याकडे एक गठ्ठा होता वाया गेलेल्या सीडींचा, बायकोने त्या गॅलरीत दोऱ्याला टांगल्या कबुतरं येऊ नयेत म्हणून. कबुतरं त्यांच्यावर बसायची.

बाजारात तेव्हा 'सर्व साटा ड्रायव्हरसह' अशा तयार सीडीपण मिळायच्या, वॉलपेपर बदललेला, स्टार्ट बटण हिरव्याचं काळं केलेलं, आणि आत काय काय घातलंय देव जाणे. बँकेच्या मशीनवर कुणीतरी ती टाकलेली मी डोळ्यांनी बघितलीय.

घाटउतार
मी नेटवर्कवाला, आमच्याकडे हाच तमाशा व्हर्च्युअल मशीनवर. प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टिम) विंडोज टाकायला घेतली, डिस्क व्हर्टआयओ स्कझी प्रकारची ठेवली, सेटअपमध्ये यादी रिकामी. डिस्क तर खोटीच आहे, मीच दोन मिनिटांपूर्वी बनवलीय, आणि तरी दिसत नाही. व्हर्टआयओ-विनची आयएसओ दुसरी सीडी म्हणून लावायची, लोड ड्रायव्हर, व्हीआयओस्कझी फोल्डर, त्यात विंडोजचं व्हर्जन, त्यात एएमडी६४, म्हणजे ६४ बिटवालं, इंटेललाही तेच. इंटेलच्या मशीनवर एएमडी कशाला म्हणून एका ज्युनिअरने ते फोल्डर सोडून एक्स८६ (३२ बिटवालं) निवडलं होतं, बिचाऱ्याची चूक म्हणता येत नाही.

मंद_वारा
@पाटाखालचा_विळा, तुमचा बायोसवाला सल्ला नव्या इन्स्टॉलला ठीक आहे, पण आधीच विंडोज असलेल्या मशीनवर कुणी तो वाचून करू नका. व्हीएमडी काढलं की जुनी विंडोज उठत नाही, तोच ७बी. आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. माझ्या मेहुण्याने हे केलं. की त्याच्या मुलीच्या शाळेच्या ईमेल अकाउंटवर सेव्ह झाली होती, कारण लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप तिच्या नावाने सुरू केला होता. पासवर्ड तिला आठवेना, आणि शाळेने ती अकाउंटं कधीच बंद केलेली.

पाटाखालचा_विळा
तसं असेल तर आधी बिटलॉकर थांबवायचं, बीसीडीएडिट कमांडने पुढचं बूट सेफ मोडला (मोजक्या ड्रायव्हरांवर चालणारी विंडोज) लावायचं, मग बायोसमध्ये एएचसीआय करायचं. सेफ मोडमध्ये एकदा उठली की विंडोज आपला ड्रायव्हर लावून घेते, मग सेफ मोडची खूण काढायची. मी चार मशीनवर केलंय. पण हो, माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता.

मंद_वारा
काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये तर तो पर्यायच लपवलेला असतो. एका ब्रँडमध्ये मेन टॅबवर जाऊन कंट्रोल-एस दाबलं की उगवतो. हे कुणाला आपोआप कसं सुचावं?

चकलीवाला
सगळे झाले? कृष्णाकाठ कुठायत? फीत कापायला गेले का?

कृष्णाकाठ
रविवार, रात्री ९:३५

आलो आलो. आत्ताच अभ्यासिकेचं कुलूप लावून घरी आलो, आंघोळ पण राहिलीय.

सोनलताईंनी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. एक्सई घरच्या कॉम्प्युटरवर उघडली, व्हीडीवाली आयएनएफ सापडली, डॉलर फोल्डर केला. पहिल्यांदा फोल्डर चुकून सोर्सेसच्या आत केला होता, त्यामुळं यादी परत रिकामी आणि माझं तोंड पडलं. मग 'मुळाशी' हा शब्द परत वाचला. बाहेर आणला, पहिल्या मशीनला लावला आणि यादीत ४७६ जीबीची डिस्क आली (५१२ चीच, विंडोज मोजते वेगळं). एकटाच होतो, तरी टाळी वाजवली. वॉचमन डोकावून गेला.

दुसरं मशीन पण तसंच झालं.

तिसऱ्याला मात्र यादी रिकामीच. पेनड्राइव्ह बदलला, पोर्ट बदलला. शिफ्ट-एफ१० दाबून काळी खिडकी उघडली, ड्रव्हलोड कमांडने तीच आयएनएफ हाताने चढवली, म्हणतंय यशस्वी. डिस्कपार्टला (डिस्कांची यादी देणारी कमांड) विचारलं तर फक्त पेनड्राइव्ह. दोन तास गेले. साडेसातला वाटलं जुनं व्हर्जन घेऊन बघू, ते उतरवलं, तेच. शेवटी बायोसमध्ये शिरलो, जे या मशीनचं मी कालपासून केलंच नव्हतं, आणि डिस्कच्या जागी लिहिलेलं, नन.

स्क्रू-ड्रायव्हर घेतला, खालचं झाकण काढलं. एम-टू चा, म्हणजे एसएसडी बसायचा, स्लॉट रिकामा. एसएसडी नाहीच. ती जिथं बसते तिथला तो एवढासा स्क्रू मात्र काढून परत जागेवर नीट घट्ट बसवून ठेवलेला.

चकलीवाले, तुमचा पत्ता पाठवा.

चकलीवाला
भाजणीची. अर्धा किलो.

दुपारचा_चहा
:D :D म्हणजे माहेरून काय आणलं नाही हा प्रश्नच नव्हता, घरात विहीरच नव्हती!

जुना_खिळा
स्क्रू परत लावलाय म्हणजे काढणारा कारागीर माणूस आहे. विकणाऱ्याला बारा नगांचं बिल दाखवा आणि झाकण उघडून फोटो पाठवा, भांडू नका, बहुतेक देईल बदलून. आणि उद्या ते मशीन मागच्या टेबलावर ठेवा, झाकण बंद करून.

कृष्णाकाठ
फोटो पाठवलाय, "बघतो" म्हणाला. उद्या अकराच मांडतोय, बाराव्याच्या जागी रजिस्टर ठेवतोय.